हिरोच्या जागी दादा

३ फेब्रुवारी

दादा आज शूटिंगला आला. माझ्या शूटिंगला!

आणि त्याला बोलावणारी मीच. आमच्या सिनेमातला हिरो दारू सोडतोय आणि त्यासाठी एका सभेला जातो. मॅडमना त्या प्रसंगासाठी खराखुरा हॉल हवा होता. मॅडम म्हणजे आमच्या दिग्दर्शक. दादाच्या दारू सोडणाऱ्यांच्या मंडळाची सभा दर बुधवारी ज्या हॉलमध्ये भरते, तो मी सुचवला. किल्ली दादाकडे असते. तो आला, कुलूप उघडलं, आणि मग दिवसभर हललाच नाही.

मॅडमनी त्याला विचारलं, "खुर्च्या अशाच गोल मांडता का?"

"मांडतो गोलच. पण दाराजवळची आधी भरते. पळायला बरी."

सगळे हसले. मॅडमना तर डोळ्यांतून पाणी आलं, चष्मा काढून पुसावा लागला. मी इथे थंडीच्या आधीपासून काम करतेय. माझ्या एका तरी वाक्यावर त्यांनी चष्मा पुसला असेल तर शपथ!

४ फेब्रुवारी

दादाला नोकरी लागली. इथेच.

हिरोची आणि त्याची उंची सारखी निघाली. हिरो तयार होऊन येईपर्यंत त्याच्या जागी कुणालातरी बसावं लागतं, म्हणजे दिवे लावता येतात, कॅमेरा जुळवता येतो. हे काम करणारा माणूस सोडून गेला होता. मॅडम म्हणाल्या, "तू बस ना!" झालं. बसणे, उठणे, खिडकीपर्यंत चालणे. एवढ्यावर नोकरी!

मी या कामासाठी तीनदा मुलाखत दिली. तिसऱ्या वेळी विचारलं होतं, हाच सिनेमा का? मी म्हटलं, हा पाहून एका तरी घरातला माणूस परत येईल म्हणून. मनापासून म्हटलं होतं. आजही तसंच वाटतं.

आईला घरी जाऊन सांगितलं तर तिने दादाच्या गालावरून दोन्ही हात फिरवले. बाबा खुर्चीतून उठले. उठून काय करायचं ते न सुचल्यामुळे पंखा लावला.

माझा पदवीचा निकाल लागला होता तेव्हा — आमच्या घरातली पहिली पदवी — मी जिन्यातून ओरडत आले होते. आईने दार उघडून ओठांवर बोट ठेवलं. "हळू. आत्ताच डोळा लागलाय त्याचा." आदल्या दिवशी दादाला कुठल्याशा पुलाखालून उचलून आणलं होतं. पेढा नाही, काही नाही. मी हळू आवाजात पदवीधर झाले.

७ फेब्रुवारी

माझं काम म्हणजे कंटिन्युइटी. एकच प्रसंग तुकड्यातुकड्यांत, वेगवेगळ्या दिवशी चित्रित होतो. पडद्यावर मात्र तो सलग वाटायला हवा. सकाळी हिरोच्या शर्टाचं वरचं बटण उघडं असेल तर संध्याकाळीही उघडं. ग्लास अर्धा असेल तर अर्धाच. मी फोटो काढते, ताडून बघते, आणि चूक दिसली तर "थांबा!" म्हणते. सगळ्यांच्या देखत "थांबा" म्हणायचा हक्क मॅडमना आहे आणि मला आहे. बाकी कुणालाही नाही. हे मला फार आवडतं. उगाच कशाला लपवू.

दादाला हे सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे घरी करतेस तेच! पगार कसला घेतेस?"

सगळे हसले. अर्थातच.

९ फेब्रुवारी

आज तीनजणांनी मला विचारलं, "तू त्याची बहीण का?" इतके दिवस माझी ओळख करून घ्यायला कुणाला सवड नव्हती.

११ फेब्रुवारी

पिनने आज माझ्याशिवाय डबा खाल्ला.

पिन कपडेपट सांभाळते. तोंडात कायम टाचण्या, म्हणून सगळे तिला पिन म्हणतात. शूटिंगवरची माझी एकुलती एक मैत्रीण. कपड्यांच्या लोखंडी पेटीवर बसून आम्ही दोघी जेवतो. माझी उजवी बाजू, तिची डावी. आज जाऊन बघते तर माझ्या बाजूला दादा! आणि पिनच्या तोंडात टाचण्या नाहीत. तिची जिवणी इतकी छान आहे हे मला आजवर कळलंच नव्हतं, त्याला लगेच कळलं असणार.

"ये गं, बस," पिन म्हणाली.

कुठे बसू? मधे?

"माझं झालंय," म्हटलं, आणि दिव्यांच्या गाडीमागे उभी राहून थंड डबा खाल्ला. रडले नाही. ठसका लागला होता.

१३ फेब्रुवारी

हा सिनेमा मला खरोखर आवडतो. आज पटकथा पुन्हा वाचली. हिरो दारू सोडतोय आणि त्याच वेळी प्रेम शोधतोय. दर बुधवारी कुठे जातोस असं भेटलेल्या मुलीने विचारलं की सांगतो, पोहायला. मग सभेहून निघताना दर वेळी नळाखाली डोकं धरून केस ओले करायचे! सर्दी होते, शिंकतो, पण खरं सांगत नाही. शेवटी ती मुलगी पोहण्याच्या तलावावर त्याला बघायला येते आणि त्याला उडी मारावी लागते. पोहता येत नसतं. लोक हसता हसता रडतील. मॅडमनी फार प्रेमाने लिहिलंय.

पण आज एक नवीन पान आलं. "दाराजवळची खुर्ची आधी भरते. पळायला बरी." — दादाचं वाक्य जसंच्या तसं हिरोच्या तोंडी!

मी मॅडमना सहा सूचना दिल्या होत्या. टंकून. समासासकट.

१६ फेब्रुवारी

दादाच्या मंडळात एक दंडक आहे. पहिल्या वर्षात प्रेमबिम नाही. एक ओढ सुटत असताना दुसरी लावून घ्यायची नाही. दादाचं वर्ष अजून पुरं व्हायचंय.

आज इस्त्रीपाशी पिनला गाठलं. अगदी काळजीने बोलल्यासारखं बोलले. "तुला म्हणून सांगते. त्याचं अजून वर्ष झालेलं नाही. तुला काही बोलला नसेल—"

"पहिल्याच दिवशी सांगितलं की! म्हणाला, माझ्यावर सध्या झाकण आहे, वर्षाने उघडा, तोवर नुसता डबा खाऊ."

"आणि तू?"

"मी म्हटलं खाऊ. मला तरी कुठे घाई आहे?" आणि तिने शर्टाची बाही अशी काही प्रेमाने सपाट केली! हिरोचाच शर्ट होता, पण तो आधी दादाला घालून बघतात.

माझ्याकडे सांगायला एक गोष्ट होती. तीही त्याने आधीच सांगून टाकलेली.

१८ फेब्रुवारी

दादा बाहेरून आला की आई त्याला दारातच जवळ घेते. तोंडाचा वास घ्यायला. हे आम्हा चौघांनाही माहीत आहे, त्यालाही. तो मुद्दाम खाली वाकून तिच्या नाकावर "हाऽऽ" करतो. आई हसते. बाबा वर्तमानपत्राआडून कान देऊन असतात, आई हसली की पान उलटतं.

मी त्याच्या पाठोपाठ दारात. चपला काढत.

मला कोण हुंगणार! माझा वास ठरलेला आहे.

१९ फेब्रुवारी

हे लिहावं की नाही. लिहिते.

दादा पीत होता तेव्हा मी घरातली शहाणी होते. "हिच्याकडे बघून जगतेय," असं आई मावशीला फोनवर सांगायची. विजेचं बिल, बाबांच्या गोळ्या, दादाला शोधायला जाणं, सगळं मी. परीक्षेच्या आदल्या दिवशीसुद्धा गेले होते. थकून जायचे, त्याचा राग यायचा, देवाला हात जोडायचे की याला सोडव.

आता सुटला. आणि आता तो नुसता सकाळी उठून दात घासून आला तरी घराला सोहळा! मी न पिता वाढले, न पिता शिकले, न पिता नोकरीला लागले. त्याचं काय कौतुक? न पडलेल्या माणसाला उठून दाखवता येत नाही.

मला ते दिवस परत नकोत. नकोतच. पण त्या दिवसांतली मी मला हवी आहे.

२२ फेब्रुवारी

मॅडम म्हणाल्या, "तुझ्या भावाच्या चेहऱ्यात काहीतरी आहे." माझ्या चेहऱ्यात काय आहे ते विचारलं नाही. त्यांना घाई होती.

२४ फेब्रुवारी

दादा दुपारीच शूटिंगवरून निघून गेला. दिवे लागले तरी घरी आलेला नाही. फोन बंद. का गेला ते कुणालाच ठाऊक नाही. मलाही नाही. मला काही कळलं नव्हतं.

२५ फेब्रुवारी

काल खोटं लिहिलं. इथेसुद्धा!

झालं ते असं. बारमधला प्रसंग होता. हिरो ग्लास उचलतो, ओठांपर्यंत नेतो आणि खाली ठेवतो — सिनेमातला सगळ्यात मोठा क्षण. दारू म्हणून आम्ही गार काळा चहा वापरतो. ओतल्यावर चहाच्या कडेला बारीक बुडबुडे राहतात, ते मी दर वेळी बोटाने फोडते, फोटोत दिसतात म्हणून. काल ग्लासाशी गेले तर फोडायला बुडबुडेच नाहीत. आणि वास. तो वास मला ओळखू येणार नाही तर कुणाला!

हिरोने प्रॉपर्टीवाल्या, म्हणजे सेटवरच्या वस्तू सांभाळणाऱ्या, काकांना गुपचूप खरी आणायला लावली होती. चहाने चेहऱ्यावर भाव येत नाहीत म्हणे! मॅडमना पत्ता नाही. पण हिरो अजून मेकअपमध्येच होता. त्याच्या खुर्चीत दादा बसलेला. दिवे लावणं चाललेलं.

कॅमेरावाला म्हणाला, "ग्लास उचल. हळू. तोंडापर्यंत ने, फोकस बघू दे."

मी चार हातांवर होते. "थांबा" म्हणायचं होतं. माझं कामच ते! शर्टाच्या बटणासाठी मी आख्खं युनिट थांबवलेलं आहे.

नाही म्हटलं.

विसरले नव्हते, घाबरलेही नव्हते. मी बघत होते. आणि मनात म्हणत होते — बघू दे सगळ्यांना. पिनला, मॅडमना. बघू दे काय आहे त्याच्या चेहऱ्यात.

ग्लास ओठांशी जाऊन थांबला. त्याला वास आला असणार. बोटं पांढरी पडली. त्याने मान न हलवता नुसते डोळे फिरवले आणि ते माझ्यावर येऊन थांबले. मग त्याने ग्लास खाली ठेवला. टेबलावर खडूची खूण होती, बरोबर तिच्यावर. "मिळाला का फोकस?" विचारलं. "मिळाला," म्हणाले. तो उठला, काकांच्या कानाशी लागला — "काका, चहा संपला होता का?" — आणि दाराबाहेर गेला. काकांचा चेहरा उतरला. त्यांनी धावत जाऊन ग्लास मोरीत ओतला.

बाकी कुणाला काही कळलंसुद्धा नाही.

रात्री घरात कुणी जेवलं नाही. आईने माझा हात धरला तो सोडेचना. "तूच गं. तूच आता काय ती. तू होतीस म्हणून मी उभी आहे." बाबा म्हणाले, "हिला झोपू दे, हिला सकाळी काम असतं." माझी आठवण झाली त्यांना! मला हवं होतं ते सगळं एका फटक्यात मिळालं. आईचा हात गार होता. मला तो झटकून टाकावासा वाटला.

आता कपडे करते आणि शोधायला निघते. कुठे जायचं ते पाठ आहे. पूल, गोदामामागची गल्ली, स्टँड.

नंतर — दुपार.

चपला घालत होते आणि जिन्यात तोच! दाढी वाढलेली, डोळे लाल. कालपासून तो मास्तरांकडे होता. मास्तर म्हणजे मंडळात त्याला धरून असलेला माणूस, निवृत्त ड्रिल मास्तर. ओढ लागली की सरळ त्यांच्याकडे जायचं, फोन बंद ठेवायचा, ती ओसरेपर्यंत उठायचं नाही. मास्तरांनी घरी कळवायला हवं होतं. ते कळवणार होते, पण दादा आधी झोपला आणि मग म्हातारबुवाही झोपले!

आईने दारातच धरलं. त्याने "हाऽऽ" केलं नाही. आईने तोंड हुंगलं नाही. त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली.

माझ्याकडे बघून म्हणाला, "मी इथे उभा आणि तू कुठे निघालीस?"

"तुलाच शोधायला."

"बरं झालं. सापडलो."

२७ फेब्रुवारी

तो काही बोलत नाही. मीही नाही. कामावर आला, बसला, उठला, खिडकीपर्यंत चालला. काका त्याला दर ग्लास आधी हुंगायला देतात, आणि तो तोंड वाकडं करून म्हणतो, "काका, साखर कमी आहे."

हिरो आता चहावरच मुकाट्याने काम करतो. त्याच्या चेहऱ्यावर भाव येत आहेत.

पिनने विचारलं, "त्या दिवशी काय झालं होतं गं? तू तिथेच होतीस ना?"

"बटण बघत होते," मी म्हटलं.

१ मार्च

दादा म्हणाला, बुधवारी खुली सभा आहे. वर्षातून एकदा घरच्यांना बोलावतात. "ये तू."

"आई-बाबांना ने की."

"ते येणारच आहेत. तू ये."

सगळ्यांसमोर सांगणार. मला खात्री आहे. आणि मला ते चालेल. त्याने सांगितलेलं बरं. मला कुठून सुरुवात करावी ते कळत नाही.

४ मार्च

मी दाराजवळच्या खुर्चीवर बसणार होते. भरलेली होती.

मास्तर उभे राहिले आणि नियम सांगितला — या खोलीत एकच, खोटं बोलायचं नाही. बाकी चहा सांडा, रडा, उशिरा या. मग एकेकाने उठून नाव सांगितलं. नुसतं नाव सांगितलं तरी टाळ्या! एक बाई उठली, काहीच न बोलता खाली बसली, तिलाही टाळ्या.

मग दादा. ग्लासाची गोष्ट सांगितली. वास, कॅमेरा, सगळं. आईने पदर तोंडाशी धरला.

"समोर माझी बहीण उभी होती," तो म्हणाला. "हिला वास आला होता. हिच्याइतका तो वास कोण ओळखणार? एका शब्दात मला अडवू शकली असती. हिचं कामच अडवायचं आहे. हिने अडवलं नाही. घरचे मला काचेच्या भांड्यासारखे धरतात. हिने धरलं नाही. हिने माझ्यावर सोडलं. मी हिच्याकडे बघितलं आणि मला वाटलं, हिचा भरवसा आहे. मग ठेवला खाली."

टाळ्या! माझ्यासाठी! मास्तर मोठमोठ्याने वाजवत होते. पिन मागे उभी होती, ती डोळे पुसत वाजवत होती. बाबा तर उभे राहिले. आईने मला जवळ घेतलं, सगळ्यांच्या देखत, आणि म्हणाली, "माझं पोर."

अशा टाळ्यांची मी किती वाट पाहिली होती. आणि आता त्या थांबायचं नाव घेईनात! कुणीतरी "थांबा" म्हणावं असं वाटत होतं. मी हात जोडले. हसलेसुद्धा.

घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून बसले.

५ मार्च

दिवे लावणं चालू होतं. दादा हिरोच्या खुर्चीत. कॉलर सारखी करायच्या निमित्ताने वाकले आणि सांगून टाकलं. भरवसाबिरवसा काही नव्हता. तू पिशील असं वाटत होतं. बघत थांबले होते.

त्याने मान हलवली नाही. दिवे लावताना हलवायची नसतेच.

"दिसलं होतं की मला. तोंडावर."

"मग काल तसं का सांगितलंस? तिथे खोटं चालत नाही ना?"

"नाही चालत," तो म्हणाला. "पण घरातल्या सगळ्या टाळ्या मीच खात होतो गं."